रमाबाईंच्या वाटेने : भायखळा, चौपाटी, केडगाव

शुक्रवार

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाने यंदा मला बोलायला विषय दिला, 'पेंटेकॉस्टल मंडळीचा आरंभ'. पेंटेकॉस्टल म्हणजे पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर भर देणारे ख्रिस्ती. हा विषय आमच्याकडे ठरलेल्या क्रमाने सांगितला जातो. साल १९०६, महिना एप्रिल, अमेरिकेतले लॉस एंजेलिस, अझुसा स्ट्रीटवरची एक जुनी इमारत आणि तिथे प्रार्थनेला बसणारे विल्यम सीमोर. सीमोर म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचे लेकरू, एका डोळ्याने अंध. काळ्यागोऱ्यांनी एकत्र बसणे जिथे गुन्ह्यासारखे मानले जाई, त्या देशात त्यांच्या प्रार्थनासभेत सगळे शेजारी शेजारी गुडघे टेकत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्याच्या जवळजवळ दहा महिने आधी, जून १९०५ मध्ये, पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात, पंडिता रमाबाईंनी विधवा आणि दुष्काळातून वाचलेल्या पोरींसाठी काढलेल्या आश्रमात जी आत्मिक जागृती झाली ती आमच्या व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते.

दुसरी बाजूही आहे. मी शाळेत इतिहास शिकवला. त्या धड्यांतल्या पंडिता रमाबाई विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढतात आणि तिथेच थांबतात. पुढची तीस वर्षे जणू नव्हतीच. शाळेकडे एक अर्धी बाई, चर्चकडे दुसरी अर्धी, तीही पुसट. मला अख्ख्या बाईंविषयी बोलायचे होते, म्हणून ठरवले की आधी मुंबईला जायचे, जिथे त्यांनी पहिले घर मांडले, आणि नगरला परतताना केडगावला उतरायचे. (आमच्या नगरलाही एक केडगाव आहे. ते वेगळे, हे पुण्याच्या अलीकडच्या लोकांना नेहमी सांगावे लागते.)

आळेफाटा, माळशेज करत एसटीने कल्याण गाठले, तिथून फास्ट लोकलने भायखळा. मावसबहीण तिथे राहते. संध्याकाळी ताईने मला तिच्या गल्लीतून फिरवले. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि पुढे आमच्या नगरला आली, त्यामुळे भायखळा नगरकर ख्रिस्ती माणसाला परका वाटत नाही. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्माही १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईतच झाला. ताईला त्यांची गीते तोंडपाठ आहेत. भाकरी थापता थापता तिने दोन म्हटली, आणि प्रवासाचा शीण उतरला.

शनिवार

सकाळी भाचीला बरोबर घेतले. ती कॉलेजात इतिहास शिकते आणि चालायला दमत नाही. चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटी.

१ फेब्रुवारी १८८९ ला रमाबाई बोटीने मुंबईला परतल्या. पाठीशी सहा वर्षे होती. इंग्लंडमधले वाँटेज, तिथे २९ सप्टेंबर १८८३ ला घेतलेला बाप्तिस्मा, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजातले शिकवणे, मग अमेरिका. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. बॉस्टनच्या माणसांनी त्यांच्या कामासाठी दहा वर्षे पैसा द्यायचे कबूल केले. आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, चौपाटीवर शारदा सदन उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. विद्यार्थिनी दोन!

मी ते घर शोधत नव्हते, सव्वाशेहून अधिक वर्षांत तिथले सारे बदलले आहे. मला फक्त जागेचा अंदाज घ्यायचा होता. विल्सन कॉलेजची दगडी इमारत मात्र उभी आहे, तीही १८८९ चीच. तिच्या समोरच्या फुटपाथवर उभे राहिले की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कॉलेज. तेव्हा या रस्त्यावरून एखादी केशवपन केलेली बालविधवा, लाल आलवण नेसलेली, शाळेसाठी चालत गेली असेल तर किती डोळे तिच्यावर खिळले असतील! वाळूत सकाळीच मुली व्हॉलीबॉल खेळत होत्या. भाची म्हणाली, "मावशी, इथे एक पाटी हवी." मलाही तसेच वाटते. मुंबईत कितीतरी पाट्या आहेत, या घराची नाही.

सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. आठव्या वर्षी विधवा झालेल्या, कोकणातल्या. त्यांचे भाऊ नरहरपंत हे धोंडो केशव कर्व्यांचे मित्र, आणि कर्वे तेव्हा मुंबईत शिकवत होते. पुढे ११ मार्च १८९३ ला कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, आणि त्या आमच्या पुस्तकांतल्या बाया कर्वे झाल्या. तारीख पुन्हा तीच. हे भाचीने बोटांवर मोजून माझ्या लक्षात आणून दिले. हिंगण्याची संस्था, तिच्यातून उभे राहिलेले महिला विद्यापीठ, सगळ्याचा एक धागा या किनाऱ्यावरच्या दोन विद्यार्थिनींच्या शाळेत आहे, आणि तिथूनच दुसरा धागा केडगावच्या प्रार्थनेत जातो. सुधारक लोक पहिला धरतात, आम्ही विश्वासणारे दुसरा. बाई दोन्हींत एकच आहे.

ऑपेरा हाउसवरून चालत प्रार्थना समाजाच्या मंदिराकडे गेलो. १८६७ मध्ये हा समाज मुंबईत निघाला. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ही त्यातली माणसे शारदा सदनाच्या सल्लागार मंडळात होती. बाई ख्रिस्ती झालेल्या आहेत हे ठाऊक असून त्यांनी पाठ राखली, हे मला फार मोठे वाटते. अट इतकीच होती की सदनात कुठल्याच धर्माची शिकवण द्यायची नाही. बाईंनी ती पाळली, पण स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेतले नाही. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. सदन नोव्हेंबर १८९० मध्ये पुण्याला हलले. १८९३ मध्ये तिथे वादळ उठले, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी मंडळाचा राजीनामा दिला आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

त्या उघड्या दाराबद्दल भाचीचे आणि माझे वाटेत बोलणे झाले. तिचे म्हणणे, लहान मुलींच्या मनावर परिणाम होणारच, मग अट पाळली असे कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्या काळच्या पालकांची भीतीही खोटी नव्हती. माझे मत असे की ज्या बाईने वडिलांच्या धर्मासाठी उपाशीपोटी अर्धा हिंदुस्थान पायी तुडवला, तिला आपला देव दाराआड लपवायला सांगणे हेच अवघड मागणे होते. आमचे एकमत झाले नाही. गिरगावात पोहे खाऊन लोकल पकडली.

त्या पायपिटीचे सांगायला हवे. २३ एप्रिल १८५८ ला गंगामूळच्या रानात अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या आश्रमात रमाबाईंचा जन्म. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीबुवांनी विरोध सोसला. मग तीर्थामागून तीर्थ, पुराणे सांगत फिरणे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात अन्न संपले, रानातला पाला खाल्ला, आणि आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. ज्यांनी अशी भूक पाहिली त्यांनाच पुढे १८९६ च्या दुष्काळाची बातमी ऐकून पुण्यात बसवेना.

रविवार

ताईची मंडळी घाटकोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. नऊला पोचलो तेव्हा दाराशी चपलांचा ढीग आणि आत ढोलकी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुरुषांना आणि म्हाताऱ्यांना, बाकी बायका सतरंजीवर, पदर डोक्यावर. स्तुती-आराधना तासभर चालली. मग पास्टर म्हणाले, "आता प्रत्येकाने आपापल्या तोंडाने," आणि सारा हॉल एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागला. जे आमच्यात वाढले नाहीत त्यांना हा गलका वाटतो. आत बसले की कळते, शेजारणीचा आवाज आपल्याला आधार देतो, आपला तिला.

माझ्या शेजारी बसलेली बाई चार घरची धुणीभांडी करते. तिच्या मांडीवर शाळकरी मुलांची दोनशे पानी वही होती, कडा मऊ पडलेल्या, मध्ये सुतळीची खूण. प्रत्येक ओळीवर एक नाव आणि पुढे एक शब्द: 'मूत्रपिंड', 'नोकरी', 'दारू', 'मूल'. काही नावांपुढे लाल पेनाने तारीख. तारीख म्हणजे उत्तर मिळाले. ज्यांच्या घरी ती भांडी घासते त्या मालकिणींची नावेही होती, त्यांना न सांगता लिहिलेली. मला म्हणाली, "ताई, तुमचं काय लिहू?" मी म्हटले, "गुडघे." तिने लिहिले. रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये, मुलींना नावांच्या याद्या देत आणि त्या नाव घेऊन प्रार्थना करत, हे मी वाचले होते. ते घाटकोपरच्या सतरंजीवर पाहीन असे वाटले नव्हते.

उपासनेनंतर चहा झाला. पास्टरांना मी रमाबाईंविषयी विचारले. ते तरुण आहेत, मोकळेपणाने म्हणाले, "बायबल कॉलेजात अझुसा झाला. मुक्ती एका परिच्छेदात झाली." मग त्यांनीच मला विचारले, आणि मी मिनी अब्राम्सची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट मुंबईचीच. मिनी अब्राम्स ही अमेरिकन मेथडिस्ट बाई १८८७ मध्ये मुंबईला आली, मुलींच्या शिक्षणाचे काम केले, मराठी शिकली आणि १८९८ मध्ये केडगावला रमाबाईंच्या हाताखाली गेली. एक गोरी मिशनरी एका मराठी बाईच्या हाताखाली, त्या काळी! १९०५ ची जागृती तिने डोळ्यांनी पाहिली आणि १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याची प्रत तिने शिकागोच्या प्रशिक्षण शाळेतल्या आपल्या मैत्रिणीला, मे हूवरला, धाडली. मे आणि तिचा नवरा विलिस हूवर दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या वालपाराइसोला मेथडिस्ट मंडळी सांभाळत होते. ते वाचून त्यांची मंडळी प्रार्थनेला बसली, १९०९ मध्ये तिथे जागृती झाली, मेथडिस्टांशी फारकत झाली आणि चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. म्हणजे त्या देशातल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे मूळ शोधत गेले तर वाट लॉस एंजेलिसला जात नाही, आमच्या केडगावला येते. पास्टर चहाचा कप हातात धरून उभेच राहिले. म्हणाले, "पुढच्या रविवारी हे मी सांगतो."

दुपारी कुलाब्याला, रीगलजवळच्या बोवेन मेमोरियल चर्चला जाऊन आले. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये मुंबईला आले, मिशनचा पगार नाकारून गरिबांत गरिबासारखे राहिले आणि १८८८ मध्ये वारले. बाहेर अपोलो बंदराची गर्दी, म्हणून फार थांबले नाही.

सोमवार

दादरहून डेक्कन एक्स्प्रेस. खंडाळ्याचा घाट चढून लोणावळा आले तेव्हा खिडकीकडे सरकले. इथे मिशनऱ्यांच्या आत्मिक सभा भरत. पुण्याच्या वादळानंतर रमाबाई आपल्या मुलींना घेऊन इथे आल्या होत्या. एका पहाटे रानात एकट्याच बसल्या असता, विश्वास ठेवणाऱ्या पंधरा मुलींबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले आणि मागणे केले की पुढच्या सभेच्या आत या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधराचे दोनशे पंचवीस. आपल्याकडे इतक्या मुलींना जागा नाही, पैसा नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला, बाई तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला घेतलेल्या मोकळ्या शेतजमिनीवर झोपड्या घातल्या. मुक्ती सदन असे सुरू झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे जेवत होती.

पुण्याला गाडी बदलली. दौंडच्या गाडीने हडपसर, उरुळी, यवत करत केडगाव. आधी फोन करून परवानगी घेतली होती. मुलींची वसतिस्थाने आहेत, तिथे असे उठून जाता येत नाही आणि येऊ नये.

दगडी चर्चचा पाया १८९९ चा. मी चपला काढून आत गेले, जमिनीवर बसले आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढला. ३० जून १९०५ ला रमाबाई मुलींपुढे याच अध्यायावर बोलत होत्या. त्याआधी जानेवारीपासून जागृतीसाठी प्रार्थना चालली होती. वेल्समधल्या जागृतीची वार्ता आली होती. सत्तर जणींनी रोज भेटायला सुरुवात केली आणि जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. २९ तारखेला पहाटे साडेतीनला एका मुलीने येऊन मिनी अब्राम्सला उठवले. एका सोबतिणीवर तिला आग उतरलेली दिसली होती आणि ती विझवायला ती पाण्याची बादली आणायला धावली होती. दुसऱ्या दिवशी बाई बोलत असताना सगळ्या मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या. बाईंना बोलणे थांबवावे लागले. शाळेचे वर्ग बाजूला राहिले. पुढे मुलींच्या प्रार्थना टोळ्या आसपासच्या खेड्यांत गेल्या.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे. अन्य भाषांत, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषांत, प्रार्थना होऊ लागल्याच्या साक्षी आल्या तेव्हा परदेशातून टीका झाली. हिंदुस्थानी बायका, भावनेच्या आहारी गेल्या, असा सूर होता. रमाबाईंनी आपल्या 'मुक्ती प्रेयर बेल' या पत्रकात मुलींची बाजू घेतली. पण अन्य भाषा बोलली नाही तिला आत्मा मिळाला नाही, असेही त्यांनी कधी म्हटले नाही. आमच्या काही मंडळ्यांत यावरून बहिणीबहिणींत तेढ येते, म्हणून हे महिला संघापुढे मी ठासून सांगणार आहे. आणि त्यांनी पंथ काढला नाही. चर्च बांधले, दुष्काळातल्या पोरींची मंडळी उभी केली, पण कुठल्याच परदेशी पंथाची पाटी तिच्यावर लावली नाही. पतित म्हणून टाकलेल्यांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या-अशक्तांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन. अंध मुलींना ब्रेल शिकवले ते त्यांच्या लेकीने, मनोरमाबाईंनी.

वऱ्हांड्यात एक मावशी गहू निवडत बसल्या होत्या. इथेच वाढल्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या. मी म्हटले, मी बायबलचे काम पाहायला आले. त्या हात झटकून उठल्या आणि मला रमाबाईंच्या भाषांतराची एक जुनी प्रत दाखवायला घेऊन गेल्या. बाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणले. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंत मुक्तीच्या बायकांनी केले. लेक १९२१ च्या जुलैत गेली, तरी काम थांबले नाही. मजकूर पुरा करून ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मावशींनी पान उलटताना बोट ओले केले नाही, दोन्ही तळव्यांत पान उचलून उलटले. म्हणाल्या, "वाचा की मोठ्यानं. मला चष्म्यानं पण दिसत न्हाई आता." मी स्तोत्र वाचले. ज्या ठिकाणी मी श्वास घ्यायला थांबत होते तिथे पुढचे शब्द त्या म्हणत होत्या.

दुपारी उशिराची दौंडची गाडी मिळाली. समोर एक बाई कडेवर चारेक वर्षांची नात घेऊन बसली होती. कुठून आलात, म्हणाली. मुक्तीतून, म्हटल्यावर तिने थेट विचारले, "तिथं लेकरू ठेवायचं तर काय कागद लागत्यात?" मुलगा अपघातात गेला, सून माहेरी जाऊन दुसरीकडे उभी राहिली, आणि ही ऊसतोडीला जाणार. मी तिला सांगितले की आता मूल थेट कुणाला ठेवून घेता येत नाही, बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, जन्मदाखला आणि मुलाचा मृत्यूदाखला बरोबर असू द्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचा फोन नंबर मी माझ्या वहीत घेतला, तिच्या फोनमध्ये माझा भरला. पाटसला ती उतरली. उद्या सकाळी कार्यालये उघडली की आधी तिच्यासाठी फोन करायचा आहे, महिला संघाचे भाषण त्यानंतर लिहायला घेईन.